चिठ्ठी टाकून दिलेले औषध

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की पायाच्या अंगठ्याने कारेटे फोडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा, ही रीत कोकणात नि मुंबईत पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. कडू चाखल्यावाचून फराळाच्या ताटावर बसायचे नाही. तेव्हा दिवाळीच्या अंकात कर्करोगाचा विषय काढला म्हणून वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. शिवाय ही हकीकत दुःखाची असली तरी पुढे पुष्कळशी गोड होत जाते आणि तिचा आरंभ तर आपल्या परळलाच झालेला आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. गिरणगावातल्या कष्टकरी बायकांना गरोदरपणी एक विलक्षण रक्तक्षय जडत असे. चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, आणि बाळंतपणाच्या आगेमागे कितीतरी जणी दगावत. त्याचे कारण हुडकून काढायचे, हे बाईंचे काम. प्रथम त्यांनी जंतूंचा माग काढून पाहिला. तिथे काही हाती लागेना. मग त्यांनी लक्ष चुलीकडे वळवले. कोणाच्या घरी काय शिजते, ताटात भाजी किती, फळ किती, हे त्या टिपून घेऊ लागल्या. तसलाच निकृष्ट आहार त्यांनी उंदरांना नि माकडांना घालून पाहिला. शेवटी गुण आला तो मार्माइटने. इंग्रज माणूस पावाला लावून खातो तो यीस्टचा काळा, खारट लगदा! १९३१ साली बाईंनी हे प्रसिद्ध केले. त्या लगद्यात नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तेच द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून ते झाले फोलिक आम्ल. आज आपल्याकडे गरोदर बाईला दवाखान्यातून लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिच्यात ते असते.

त्याच १९३१ साली सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई परदेशात ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, वारल्या. पैशाला तोटा नव्हता. जगात औषधच नव्हते. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला, हाफकिन संस्थेपासून हाकेच्या अंतरावर, जे कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले, त्याचे दार २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेच आपले टाटा रुग्णालय. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे. तोवर जरा अमेरिकेत जाऊ.

बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. त्यांचे काम शवविच्छेदनाचे. जिवंत मुलांशी संबंध थोडा. ल्युकेमियाने गेलेली कितीतरी मुले त्यांच्या टेबलावर येत. या रोगात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कच्च्याच बेसुमार वाढतात आणि शेतात तण माजावे तशा चांगल्या पेशींची जागा बळकावतात. मूल फिकट पडते, हिरड्यांतून रक्त येते, ताप हटत नाही, आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, सारे संपते. विल्सबाईंच्या द्रव्याने मंदावलेले रक्त पुन्हा तयार होऊ लागते, हे फार्बरना ठाऊक होते. तेव्हा त्यांनी या मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची औषधे देऊन पाहिली. त्यांना दिसले ते विपरीतच. रोग उलट अधिक वेगाने धावू लागला!

दुसरा एखादा खचून गेला असता. फार्बरनी मात्र या अपयशाचाच धागा धरला. खताने तण वाढते, तर तणाचे खत तोडावे. फोलिक आम्लासारखेच दिसणारे पण त्याचे काम न करणारे एखादे नकली द्रव्य पेशींच्या गळी उतरवले तर? किल्ली कुलपात जाईल, पण फिरणार नाही. असली नकली किल्ली घडवणारा कारागीर होता आपल्याच देशाचा. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले गृहस्थ. ते १९२३ साली बॉस्टनला शिकण्यास गेले, हार्वर्डमध्ये नाव मिळवले आणि पुढे लेडर्ले या औषधी कंपनीत संशोधनप्रमुख झाले. त्यांच्या हाताखालील मंडळींनी तयार केलेले अमिनोप्टेरिन फार्बरनी १९४७ च्या डिसेंबरात प्रथम मुलाला टोचले. जून १९४८ मध्ये त्यांनी निकाल छापला : सोळा मुलांपैकी दहांना स्पष्ट उतार पडला होता. अंथरुणाला खिळलेली मुले उठून खेळू लागली. हा आनंद मात्र थोड्याच महिन्यांचा. रोग पुन्हा फिरे. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. मायदेशी त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले नाही, आणि आपल्याकडे शाळेतल्या पुस्तकांतही त्यांना म्हणावी तशी जागा मिळालेली नाही.

आता एक अवघड प्रश्न उभा राहिला. औषधे एकाची चार झाली. पण त्यांतले चांगले कोणते, ते किती द्यायचे, रोज की दोन दिवसांआड? डॉक्टर मोठा असला तरी त्याचा डोळा आपल्या आवडत्या औषधाकडे कलतोच. याचे उत्तर लंडनहून आले. तिथे ब्रॅडफर्ड हिल नावाच्या आकडेतज्ज्ञाने स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध क्षयावर खरोखर चालते का, हे पाहण्यासाठी १०७ रोगी घेतले. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नुसती विश्रांती, हे ठरवले डॉक्टरने नव्हे, तर मोहोरबंद पाकिटातल्या चिठ्ठीने. सहा महिन्यांनी औषध घेतलेल्या ५५ पैकी चार दगावले होते. न घेतलेल्या ५२ पैकी चौदा. हेही १९४८ सालचेच.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे सरकारने १९५३ साली एक निराळेच रुग्णालय उघडले. तिथल्या प्रत्येक खाटेवरचा रोगी कोणत्या ना कोणत्या संशोधनासाठी घेतलेला असे. गॉर्डन झुब्रॉड यांनी हिलची चिठ्ठी तिथे कर्करोगासाठी आणली, आणि एमिल फ्राय व एमिल फ्रायराइख या दोन तरुण डॉक्टरांनी ती ल्युकेमियाच्या मुलांपर्यंत नेली. त्यांतली एक चाचणी वाचताना आजही जिवाचा थरकाप होतो. प्रेड्निसोनने रोग मागे हटलेल्या मुलांच्या जोड्या लावायच्या. जोडीतल्या एकाला मर्कॅप्टोप्युरीनची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी. कोणती कोणाला, हे चिठ्ठीवर. आईबापांना काय वाटले असेल! पण डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. बऱ्या वाटणाऱ्या मुलाला विषारी गोळी चालू ठेवल्याने फायदा होतो की नुसता छळ, हे त्या दिवशी जगात कोणालाही माहीत नव्हते. म्हणून नियमही माणुसकीचे ठेवले होते. खोटी गोळी घेणाऱ्याचा रोग उलटला की त्याला लगेच खरे औषध मिळे. आणि निकाल जोडीजोडीने मोजून कौल स्पष्ट झाला की चाचणी तिथेच थांबवायची. एकवीस जोड्यांवर ती थांबली. अठरा जोड्यांत खऱ्या गोळीची सरशी, तिनांत खोटीची. हे १९६३ साली छापले गेले, आणि ‘बरे वाटले तरी औषध सोडू नका’ या नियमाला ल्युकेमियात पहिला पक्का आधार मिळाला. माझ्या मते त्या खोट्या गोळीवाल्या मुलांचे ऋण आपण पुरेसे मोजलेले नाही.

पुढे या दोघांनी चार औषधे एकदम द्यावयास घेतली. त्यांतले व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून काढतात. तीच ती, आपल्या अंगणात, कुंपणाशी, कोणी पाणी न घालताही फुलणारी. चार औषधांचा मारा भयंकर होता आणि सहकाऱ्यांतच त्यावर टीका झाली. मुले बरी झाली, घरी गेली, आणि काही महिन्यांनी डोके दुखते, उलट्या होतात म्हणून परत आली. रोग मेंदूच्या आवरणात जाऊन लपला होता. तिथे ही औषधे पोचत नव्हती.

ही वाट बंद केली ती डोनाल्ड पिंकेल यांनी. मेम्फिस शहरी १९६२ साली सेंट ज्यूड रुग्णालय उघडले, आणि गोऱ्या-काळ्यांचे नळसुद्धा निराळे असलेल्या त्या मुलखात त्याने सर्व मुलांना एकाच वॉर्डात ठेवले. पिंकेल एकामागून एक चाचण्या करीत गेले. १९६७-६८ च्या पाचव्या चाचणीत त्यांनी औषधांबरोबर मेंदूला किरणे दिली आणि पाठीच्या कण्यातून औषध सोडले. पस्तीस मुले होती. त्यांतली सुमारे निम्मी कायमची बरी झाली. ज्या रोगात कोणी वाचतच नसे, त्यात निम्मी! नंतरच्या चाचण्यांनी उलटा प्रश्न धरला : यातले काय वगळता येईल? किरणांनी मुलांच्या बुद्धीला नि वाढीला धक्का बसत होता. किरणांवाचूनही भागते, हे त्याच रुग्णालयाने २००९ साली दाखवून दिले. अशा उत्तम केंद्रांतून आता शंभरांतली नव्वदांहून अधिक मुले वाचतात.

आणि परळ? टाटा रुग्णालयात १९८४ साली, बेथेस्डाच्या इयन मॅग्राथ यांच्याशी सल्लामसलत करून, आपल्याकडच्या औषधांना नि खर्चाला झेपेल अशी एक उपचारपद्धती बांधण्यात आली. तिचे नाव रूक्षच आहे, एम.सी.पी. ८४१. डॉ. सुरेश अडवाणी हे इथले तिचे प्रमुख प्रवर्तक; लहानपणी पोलिओने पाय गेलेले हे डॉक्टर चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात फिरत. मुंबई, मद्रास आणि दिल्ली अशा तिन्ही ठिकाणी तीच पद्धत वापरून नोंदी ठेवल्या गेल्या. आधी शंभरांत वीस मुलेही दीर्घकाळ वाचत नसत. ती संख्या चाळीस ते साठांवर गेली.

अमेरिकेइतकी का नाही, याचे कारण त्या नोंदींतच सापडले. पुष्कळ मुले रोगाने नव्हे तर उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने जात होती, आणि पुष्कळ घरे उपचार अर्ध्यावर टाकून गावी परतत होती. दोन-दोन वर्षे चालणारा उपचार, बापाची रोजंदारी बुडालेली, मुंबईत राहायला जागा नाही. विल्सबाईंप्रमाणे इथेही पुन्हा चुलीकडे पाहावे लागले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या कर्करोग्यांची नि त्यांच्या माणसांची सोय होते, ती अशाच अडचणीतून. रुग्णालयाने मुलांच्या आहाराची, खोलीची, आगगाडीच्या भाड्याची तजवीज उपचारातच धरली, तशी अर्ध्यावरून निघून जाणारी मुले कमी झाली.