निरोगी माणसाचें औषध

मुरबाड तालुक्यांतील माझे एक शिक्षकमित्र कधीं अंथरुणास खिळल्याचें मला आठवत नाहीं. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षीं एका पहांटे त्यांच्या छातींत कळ आली आणि कल्याणची अर्धी वाट सरण्यापूर्वींच ते गेले. तो त्यांचा पहिलाच झटका होता, आणि शेवटचाही. पुढें शहापुरास माझें रक्त तपासून डॉक्टरांनीं मला कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी रोज घेण्यास सांगितली, तेव्हां मीं विचारलें, “मला कांहींच होत नाहीं, मग औषध कशास?” त्या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

धडधाकट माणसास औषध देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत ती लस लागू पडलेली ती पहिली व्यक्ति. जानेवारी १८९७ मध्यें, मुंबईंत प्लेगचा कहर चालू असतां, हाफकीन ह्यांनीं आपली नवी लस प्रथम स्वतःसच टोंचून घेतली.

हृदयविकाराच्या बाबतींत हा विचार उशिरां आला. १९१३ सालीं रशियांत अनिच्कोव्ह ह्यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर बसतात असें दाखविलें. १९४८ पासून अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या पांच हजारांवर रहिवाशांची पाहणी सुरू झाली. रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल हे झटक्याचे अग्रदूत होत, हें तींतून उमगलें. औषध मात्र सांपडलें बुरशींत. जपानी शेतकऱ्याचे पुत्र अकिरा एंडो ह्यांनीं हजारों बुरशा तपासल्या आणि १९७३ सालीं तांदळावरील एका बुरशींत यकृतांतील कोलेस्टेरॉलची उत्पत्ति रोखणारें द्रव्य त्यांना मिळालें. त्याच वर्गांतील एका औषधास १९८७ सालीं अमेरिकेंत विक्रीची परवानगी मिळाली.

पण ज्यास झटका आलाच नाहीं, त्यास लाभ किती? १९९५ सालीं पश्चिम स्कॉटलंडांतील प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल वाढलेले, परंतु झटका न आलेले ६,५९५ पुरुष घेऊन त्यांतील निम्म्यांस औषध व निम्म्यांस तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली होती. सुमारें पांच वर्षांत निर्गुण गोळीच्या गटांत २४८ जणांस झटका किंवा हृदयविकारानें मृत्यु आला. औषधाच्या गटांत १७४ जणांस. म्हणजे शेंकडा साडेसातांचे सुमारें सव्वापांच झाले.

गणिताच्या मास्तरास येथें थांबावें लागतें. अरिष्ट जवळजवळ एकतृतीयांशानें घटलें, हें खरें. परंतु शंभरांनीं पांच वर्षें गोळी घेतली तेव्हां सुमारें दोघांचें टळलें, हेंही तितकेंच खरें. लस एक-दोनदां टोंचली कीं झालें; ही गोळी रोजची. क्वचित् स्नायु दुखतात, कांहींची रक्तांतील साखर थोडी चढते. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हीं सारीं जमेस धरून, ज्याचा धोका मोठा त्यासच डॉक्टर ती देतात. शेजाऱ्याची पाहून आपण घेऊं नये, आणि घेतली म्हणून तंबाखूस मोकळीक मिळाली असें समजूं नये.

तथापि डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूस मध्यरात्रीं कळ आली, तर मोठें इस्पितळ दूर असतें. तेथें पहिला झटका टाळणें हाच पुष्कळदां खरा उपचार ठरतो. आणि त्याचा आरंभ गोळीनें नव्हे, तर रक्तदाब व रक्त तपासण्यानें होतो.

मीं गोळी सुरू केली आहे, आणि सकाळचें चालणेंही. गोळीनें माझे मित्र वांचलेच असते, असें मी म्हणत नाहीं. शंभरांतील त्या दोघांत ते असते कीं नाहीं, कोण सांगणार? परंतु त्यांचें रक्त कधीं तपासलेंच गेलें नाहीं. इतकीं वर्षें सोबत बसून चहा घेतला, पण तपासून घ्या असें मींही त्यांना कधीं म्हटलें नाहीं.