गोपालपूरचा खडक

भेडाघाटला येणारे लोक संगमरवरी कडे पाहतात, धुवाँधार पाहतात आणि परततात. तिथून नर्मदेच्या वरच्या अंगाला तीन मैलांवर गोपालपूर आहे. १८२९ च्या नोव्हेंबरात तिथे नदीपात्रातल्या उघड्या खडकावर एक म्हातारी पाच दिवस अन्नपाण्यावाचून बसून होती.

ही हकिगत जबलपूरचा तेव्हाचा अधिकारी विल्यम स्लीमन याच्या १८४४ साली निघालेल्या प्रवासग्रंथात आहे. २४ नोव्हेंबरला उम्मेदसिंह उपाध्याय वारले. सती जाण्याची परवानगी त्यांच्या पत्नीने मागितली, ती स्लीमनने नाकारली. मार्च १८२८ पासून त्याने स्वतःच्या अधिकारात जिल्ह्यात सतीला मनाई केली होती. नवऱ्याचे दहन झाले, ती खडकावरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बांगड्या फोडल्या, डोक्याला जाडेभरडे लाल वस्त्र गुंडाळले. त्या क्षणी ती जातीच्या लेखी मेली. आता घरी परतायची वाट उरली नाही.

२८ तारखेला स्लीमन घोड्यावरून आला. राहायला चांगले घर देतो, जन्मभराची तरतूद करतो म्हणाला. मेलीस तर या जागी खुणेचा दगडही राहणार नाही, असेही बजावले. ती हसली. बोलण्याच्या ओघात तिने नवऱ्याचे नाव घेतले. उभ्या आयुष्यात ते तिच्या तोंडून कधी आले नव्हते.

हा उतारा मराठीत आणताना मी इथे अडले. ‘नाव घेणे’ म्हटले की आपल्याला लग्नघर आठवते, आग्रह करणाऱ्या बायका आठवतात. इथे त्याच शब्दांचा अर्थ ‘माझे इथले सारे संपले’ असा होता. स्लीमनला तो कळला. घरात पुन्हा कोणी सती जाणार नाही, असे त्याने कुटुंबाकडून लिहून घेतले आणि परवानगी दिली. सहाच दिवसांनी, ४ डिसेंबरला, बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा आला.

नवऱ्याच्या नावावरून ओळखली जाणारी ही बाई. तिचे स्वतःचे नाव स्लीमन देत नाही. याच भेडाघाटला ११५५ साली कलचुरी राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणादेवी हिने शिवमंदिर, मठ आणि अध्ययनशाळा उभारल्याचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गादीवर होता, हाती सत्ता होती. वैधव्याने तिचे नाव पुसले नाही.

शोकग्रस्तांशी बोलणारे समुपदेशक आज आधी एक गोष्ट विचारतात: नेमके काय काय गेले? गोपालपूरच्या बाईचे दोनदा गेले. नवरा मृत्यूने नेला. माणसांतली जागा माणसांनी काढून घेतली. पहिल्या दुःखावर कोणाचाच इलाज नव्हता. दुसरे मात्र लोकांनीच घडवलेले होते. स्लीमन घर देऊ शकत होता, शेजार देऊ शकत नव्हता.

तो शेजाऱ्यांनीच द्यावा लागतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला. ठरावाने नवरा परत येत नाही. पण अंत्यविधीनंतर बाईला घरी परतता येते.