गर्भारपण, श्रम आणि कायदा : दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात

नवजात बालकाचे वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरण्याची कारणे सांगताना मातेचा अपुरा आहार, रक्तक्षय व अल्पवयातील विवाह यांचा निर्देश होतो. तिच्या श्रमांचा विचार मात्र उपेक्षित राहिला. वास्तविक हा प्रश्न जुना आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिपूर्व विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली. १९२९ मध्ये कायदा झाला, तथापि तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात मळ्यांचा समावेश झाला. पण कायद्यातील हा मळा चहा, कॉफी, रबराचा, नाशिकच्या द्राक्षांचा नव्हे!

पुण्याजवळील सहा गावांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या माता-पोषण अभ्यासात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती; तर शेतकाम, पाणी आणणे अशा कष्टांचा भार असलेल्या मातांची लहान. विशेष म्हणजे हा परिणाम गर्भारपणाच्या सुरुवातीच्या व मधल्या महिन्यांतील श्रमांचाही होता.

दिंडोरीच्या संदर्भात हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी आणि त्यानंतरची विरळणी यांसाठी पेठ, सुरगाणा भागांतील आदिवासी स्त्रिया येथील बागांत मजुरीस येतात. मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभे राहण्याचे हे काम. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेचा भर रुग्णालयातील प्रसूतीवर राहिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये देऊ केले. परंतु ते हप्त्यांनी मिळतात, आणि हंगामातील बुडालेली मजुरी त्याच आठवड्याच्या बाजाराला भोवते.