उंदीर पडले, गाव उठलं

आढ्यावरून उंदीर टपकू लागले की कोल्हापूरकडची माणसं बोचकी बांधायला घेत. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द पुरत. मग बाडबिस्तरा, शेरडं-करडं, म्हातारीकोतारी, सगळं माळावरच्या खोपीत. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी गावांतही हीच चाल होती, प्लेगचा जंतू सापडण्याच्या कितीतरी आधीपासून. तिच्यामागचं कारण मात्र १८९८ साली कराचीत कळलं. उंदीर मरून थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं रक्त शोधत निघतात, असं फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी मांडलं. तेही मान्य व्हायला पुढं काही वर्षं गेलीच!

मुंबईच्या मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीला आला. कोल्हापूरला मिरजेवरून आगगाडी येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती, म्हणजे साथीला वाट तयारच होती. गादीवर शाहू महाराज, वय बावीस. दुष्काळ निस्तरतोय तोवर हे संकट.

दरबारानं रयतेचीच रीत उचलली आणि तिला सरकारी बळ दिलं. गाव वेळेवर मोकळं करायचं, ज्याला परवडत नाही त्याला झोपडीचं सामान द्यायचं, आजाऱ्याला वेगळं ठेवायचं. माझ्या मते यातलं झोपडीचं सामान सर्वांत मोलाचं. पैसेवाला मळ्यात जातोच. हातावर पोट असलेल्यानं कुठं जायचं? सक्ती इथंही होती, हुकूम तो हुकूमच. पण पुण्यात गोरे सोजीर घरांत घुसले आणि २२ जून १८९७ ला तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली; तसा प्रसंग कोल्हापुरात आला नाही.

जोडीला टोचणी होती. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी लोक सुईला बिचकत. गाव सोडणं त्यांना सोपं वाटे.

रिकामं घरही तसंच ठेवत नसत. कौलं उतरवून आत ऊन घ्यायचं, भिंतींना चुना मारायचा. धान्य मात्र जपून हलवावं लागे, कारण पोत्यातून पिसवाही माळावर पोचत.

१९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामल्यात प्लेगनं पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हाही आधी उंदीरच पडले होते. तुमच्या वस्तीत ते एकाएकी मरू लागले तर उघड्या हातानं उचलू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा.