चिठ्ठी आणि खण

माहितीचा पूर आला आहे, वाचावें किती आणि लक्षांत ठेवावें किती, ही तक्रार आपल्याच पिढीची आहे असें आपण समजतों. दिवसाकाठीं शेंकडों निरोप यावयाचे, ते हातांतल्या यंत्रांत जपून ठेवावयाचे आणि पुढें ते कोठें ठेविले हेंच विसरावयाचें, असा आपला नित्यक्रम झाला आहे. परंतु ग्रंथांच्या इतिहासाचीं पानें चाळिलीं तर ही तक्रार निदान पांचशें वर्षांची जुनी ठरते. झुरिकचा वैद्य व बहुश्रुत पंडित कोनराड गेस्नर यानें सन १५४५ मध्यें लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची एक विश्वसूची छापली; तींत सुमारें ३,००० ग्रंथकारांचीं नांवें आहेत. ग्रंथ इतके झाले आहेत कीं त्यांची गर्दी गोंधळांत टाकणारी व अपायकारक झाली आहे, असें याच सूचीच्या प्रस्तावनेंत तो म्हणतो. गर्दीवर तक्रार करावयाची आणि तीही हजारों नोंदींच्या जाड पुस्तकांत, यांतील विनोद त्याच्या ध्यानीं आला होता कीं नाहीं कोण जाणे!

गेस्नरचें आम्हांस महत्त्व वाटतें तें त्याच्या सूचीमुळें नव्हे, तर त्याच्या कात्रीमुळें. विषयवारीच्या दुसऱ्या ग्रंथांत, सन १५४८ मध्यें, त्यानें आपली कामाची रीत उघड करून सांगितली. वाचतांना जें टिपावयाचें तें चांगल्या कागदाच्या एकाच बाजूस लिहावें. मग प्रत्येक टिपण कापून सुटें करावें. त्या पट्ट्या हव्या त्या क्रमानें लावाव्या, लागल्यास पुन्हां हलवाव्या, आणि क्रम मनासारखा जमला म्हणजे चिकटवून टाकाव्या. आलेलीं पत्रेंसुद्धां तो अशींच कापी. मित्रानें प्रेमानें लिहिलेल्या पत्राचे तुकडे वनस्पति, प्राणी, औषधें अशा निरनिराळ्या ढिगांत जात. पत्र गेलें, माहिती राहिली.

या कापाकापींत मोठी क्रांति होती, हें आपल्याकडील जुन्या पद्धतीशीं तुलना केल्याखेरीज समजत नाहीं. आमच्या कीर्तनकारांचीं व मठांतील साधूंचीं बाडें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत अभंगाशेजारीं आर्या, आर्येशेजारीं एखादें औषध आणि औषधाखालीं कोणाचें तरी देणें-घेणें, असा सुखानें संसार चाललेला असतो. बाडाला क्रम असतो तो आयुष्याचा. जें जेव्हां भेटलें तें तेव्हां लिहिलें. बाडाचा धनी जिवंत आहे तोंवर त्यास दुसरा क्रम लागतही नाहीं, कारण अनुक्रमणिका त्याच्या डोक्यांत असते. सरकारी दप्तरांतील रुमालांची गोष्ट थोडीबहुत अशीच होती. कोणत्या रुमालांत काय आहे हें जाणणारा कारकून असेतों दप्तर बोलतें. तो गेला कीं तें मुकें होतें. पेशवे दप्तरांतून निवडक कागद काढून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पुढें ४५ भाग छापविले, त्याकरितां हजारों रुमाल सोडून पाहावे लागले, याचें कारण हेंच.

बांधलेल्या वहीचा त्याग न करितां तिला क्रम लावण्याचा सर्वांत चतुर प्रयत्न इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें केला. राजकारणापायीं त्यास हॉलंडांत परागंदा होऊन राहावें लागलें होतें. तेथें १६८६ सालीं एका फ्रेंच नियतकालिकांत त्यानें आपली वही ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. इंग्रजींत ती त्याच्या मरणानंतर, १७०६ मध्यें, आली. वहीच्या आरंभीं दोन पानांची अनुक्रमणिका आंखावयाची. मथळ्याचें पहिलें अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, एवढ्यावरून त्याचें घर ठरावयाचें. ‘एपिस्तोला’ म्हणजे पत्र या विषयाचें घर ‘इ’ अक्षराच्या ‘आय’ या स्वराखालीं. त्या घरांत केवळ पानाचा आंकडा लिहावयाचा. टिपण वहींत जेथें जागा असेल तेथें जावें. एका विषयासाठीं आगाऊ पंचवीस पानें राखून ठेवावीं आणि त्यांतील तेवीस कोरींच राहावीं, ही जुनी नासाडी यामुळें टळली. छापखानेवाल्यांनीं पुढें अशा आंखलेल्या वह्या विकावयासही काढल्या. मानवी बुद्धीवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या पुरुषानें वहीच्या दोन पानांचाही इतक्या बारकाईनें विचार करावा, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

तरी वहीचा दोष राहिलाच. बांधलेल्या पानांत नवागतास जागा नसते. स्वीडनचा कार्ल लिनीअस यास हा दोष भोंवला. १७५३ सालीं त्यानें वनस्पतींच्या सुमारें ६,००० जाति एका ग्रंथांत बसविल्या; पण त्याचेच शिष्य देशोदेशीं हिंडून नवीन जाति पाठवीत होते. स्वतःच्या प्रतींत त्यानें कोरीं पानें शिवून घेतलीं, तींही भरलीं. अखेर उतारवयांत, १७६७ च्या सुमारास, तो सुट्या, एकाच मापाच्या चिठ्ठ्यांकडे वळला. तेरा सेंटिमीटर लांब व साडेसात रुंद अशा त्या चिठ्ठ्या लंडनच्या लिनीअन सोसायटींत आजही पाहावयास मिळतात. पुढें फ्रेंच राज्यक्रांतींत मठांचे ग्रंथसंग्रह जप्त झाले, तेव्हां १७९१ सालीं त्यांची यादी करण्याचें काम निघालें. त्यासाठीं सरकारनें पत्त्यांचे जोड वापरावयास सांगितले. त्या काळीं पत्त्यांची पाठ कोरी असे. राजा-राणीच्या पाठीवर धर्मग्रंथांचीं नांवें लिहून त्या पानांच्या कोपऱ्यांतून दोरा ओंवण्यांत आला.

परंतु चिठ्ठीचें सामर्थ्य आणि चिठ्ठीचा छळ हीं दोन्ही ज्या एका घरांत पुरतीं पाहावयास मिळतात तें घर जेम्स मरे यांचें होय. इंग्रजी भाषेचा इतिहाससिद्ध कोश करावा, प्रत्येक शब्द प्रथम कोठें आला व त्याचा अर्थ कसकसा पालटला हें उताऱ्यांनिशीं दाखवावें, हा संकल्प लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीनें १८५७ सालीं केला. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज यानें चिठ्ठ्यांसाठीं ५४ कप्प्यांचें एक कपाट करविलें. एवढे भरले म्हणजे कोश झाला, अशी त्याची कल्पना होती. तो १८६१ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं वारला. त्यामागून फर्निव्हॉल यांनीं अठरा वर्षें हें काम उत्साहानें वाढविलें आणि तितक्याच उत्साहानें विस्कळित केलें. १८७९ मध्यें मरे यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां त्यांच्या दारीं सुमारें दोन टन कागद येऊन पडला. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला. दुसऱ्यांत जिवंत उंदरी पिलांसह संसार थाटून बसली होती. ‘एच्’ अक्षराच्या चिठ्ठ्या इटलींत फ्लॉरेन्सला आहेत असा शोध लागला. ‘पी’ मधील कांहीं आयर्लंडांत एका तबेल्यांत सांपडल्या, आणि त्यांतल्या कांहींनीं तोंवर चुली पेटल्या होत्या.

मरे हे मिल हिल येथील शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं घरापुढील बागेंत पत्र्याची एक खोली उभारिली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असें भारदस्त नांव दिलें आणि तींत १,०२९ कप्पे करविले. मग वाचकांस विनंतिपत्र काढून सांगितलें कीं, पुस्तकें वाचा, शब्द टिपा आणि अर्ध्या पत्रीच्या कागदावर शब्द, साल, ग्रंथकार, ग्रंथ, पान व उतारा लिहून धाडा. चिठ्ठ्यांचा वर्षाव सुरू झाला. मरे यांचीं अकरा अपत्यें जसजशीं वाचावयास शिकत तसतशीं त्या निवडावयास बसत व त्याबद्दल वयाच्या मानानें कांहीं पेन्स मिळवीत. १८८५ मध्यें बिऱ्हाड ऑक्सफर्डला गेलें. तेथें नवी खोली शेजाऱ्याच्या दृष्टीस खुपूं नये म्हणून सुमारें तीन फूट जमिनींत उतरविली; ती दमट व थंड झाली, आणि मरे थंडीच्या दिवसांत जाड कोट घालून तींत बसत. टपालाचा भार इतका वाढला कीं टपालखात्यानें त्यांच्या दारासमोर स्वतंत्र पेटी रोंविली.

चिठ्ठी माणसाच्या नजरेस कसें वळण लावते हेंही येथेंच दिसून आलें. टिपावयास सांगितलें कीं माणूस विलक्षण तेंच टिपतो. एका जुनाट, अपरिचित शब्दाच्या पन्नास चिठ्ठ्या आल्या, तर त्याच धातूच्या नेहमींच्या शब्दाच्या पांचही निघाल्या नाहींत. रोजचे शब्द कोणाच्या डोळ्यांतच भरत नव्हते. ते मग मरे यांस व त्यांच्या सहाय्यकांस स्वतः शोधीत बसावें लागलें. आपणही टिपणवहीचे धनी असूं तर ती उघडून पाहावी; तींत आपल्या नित्य विचारांपेक्षां आपल्या नवलाईच्या क्षणांचाच भरणा अधिक आढळेल.

मदतनिसांत दोन अमेरिकन सर्वांवर ताण करणारे निघाले. एक फिट्झएडवर्ड हॉल. ते पूर्वीं काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयांत अध्यापक होते. इंग्लंडांत ते एकलकोंडे झाले होते. पण वर्षानुवर्षें कोशाचें काम त्यांनीं पगारी नोकरासारखें, आणि एक पैही न घेतां केलें. दुसरे डॉक्टर मायनर. हे लष्करी शस्त्रवैद्य. भ्रमाच्या भरांत १८७२ सालीं लंडनमध्यें त्यांनीं एका निरपराध मजुराचा प्राण घेतला आणि ते ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगांत पडले. इतर वाचक दिसेल तो शब्द चिठ्ठीवर उतरीत. मायनर यांनीं तसें केलें नाहीं. आपल्या कोठडींतील प्रत्येक पुस्तकाची, घडी केलेल्या कागदावर, बारीक अक्षरांत, शब्द व पान अशी सूची ते करीत. आणि मग ऑक्सफर्डला विचारीत, सध्यां कोणता शब्द चालला आहे? उत्तर आलें कीं त्या शब्दाचे नेमके उतारे रवाना होत. जें हवें तें, हवें तेव्हां, हवें तेवढेंच! रात्रीं ज्या मनास अदृश्य शत्रु छळीत, तेंच मन दिवसा या सूचींत असें निर्मळ चाले. सर्व साहाय्यकांत ज्याची रीत आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते तो पुरुष वेडा ठरविला गेलेला होता.

इतकी व्यवस्था असून चूक व्हावयाची ती झालीच. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी. या शब्दाच्या चिठ्ठ्या कोठें तरी सरकल्या आणि त्या अक्षराचा भाग छापून बाहेर पडल्यावर सांपडल्या. तो शब्द १९३३ च्या पुरवणींत घालावा लागला. कालाचा अंदाज तर पारच फसला. दहा वर्षांत संपावयाचा कोश पांच वर्षांनंतर, १८८४ मध्यें, ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंतच पोंचला होता. मरे १९१५ सालीं ‘टी’ अक्षराचें काम करतां करतां गेले. कोश १९२८ मध्यें पुरा झाला. शब्द ४,१४,८२५, उतारे अठरा लाखांवर, आणि ज्या चिठ्ठ्यांतून ते निवडले त्या सुमारें पन्नास लाख.

चिठ्ठी आपल्या देशांत आली ती दोन वाटांनीं. पहिली वाट बडोद्याची: सयाजीराव महाराजांनीं १९१० मध्यें अमेरिकेहून बॉर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले, त्यांनीं संस्थानांत ग्रंथालयांची घडी बसविली व ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग चालविला. दुसरी वाट पुण्याची, आणि ती थेट मरे यांच्या पत्र्याच्या खोलींतून निघते. डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं सुमित्र मंगेश कत्रे यांनीं इतिहाससिद्ध संस्कृत कोशास हात घातला. त्या खोलीस नांवही ‘स्क्रिप्टोरियम’ हेंच पडलें. वेदांपासून वैद्यक, गणित, स्थापत्य, काव्य असे सुमारें १,५०० ग्रंथ निवडून पंडितांनीं त्यांतील शब्द एकेक चिठ्ठीवर उतरले. केवळ उतरण्यासच पंचवीस वर्षें लागलीं. चिठ्ठ्या झाल्या सुमारें एक कोटि.

पाठांतरावर हजारों वर्षें जगलेल्या विद्येस हा कागदी देह नवा होता. संहिता तोंडपाठ असलेल्या वैदिकास शब्द विचारला तर तो त्याच्या आगेमागें असलेली ऋचाच म्हणून दाखवील. चिठ्ठीला आगेमागें कांहीं नसतें. ती शब्दास त्याच्या घरांतून उचलून परक्यांच्या ओळींत बसविते. तेथें तो आपल्या नांवाच्या इतर शब्दांशेजारीं बसतो, आणि तेव्हांच त्याच्या अर्थाचा इतिहास दिसूं लागतो. हा लाभ थोडा नव्हे. पण तो घेण्यासाठीं प्रत्येक चिठ्ठी पुन्हां तिच्या ग्रंथांत नेऊन ताडून पाहावी लागते, आणि संपादकाचें आयुष्य जातें तें त्या येरझाऱ्यांत.

१९७३ नंतर अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखालीं प्रत्यक्ष लेखनास आरंभ झाला व १९७६ मध्यें पहिला भाग निघाला. त्यानंतर तिसांहून अधिक खंड बाहेर पडले आहेत. ते सगळे ‘अ’ या एकाच अक्षराचे आहेत. ज्यांनीं ‘ह’ च्या शब्दांचीं टिपणें केलीं त्या पंडितांचें वळणदार अक्षर डेक्कन कॉलेजच्या खणांत आहे, आणि तो खण उघडण्याची पाळी अजून आलेली नाहीं.