जाहिरातीचा वेष आणि वाचकाची वर्गणी

बुऱ्हाणपूरच्या इतिहासाचा विषय निघाला की शाही किल्ला, असीरगड आणि कुंडी भंडारा यांची नावे आधी येतात. कापडाचा उल्लेख त्यामागून येतो, आणि तोही बहुधा अभिमानापुरता. सतराव्या शतकात येथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने येथील तलम, पारदर्शक मलमलीचे वर्णन केले आहे, आणि ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान व कैरोपर्यंत जाते असे नोंदविले आहे. हा उल्लेख आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आला असेल. परंतु हिंदुस्थानी कापडाच्या वाट्याला युरोपच्या बाजारात पुढे काय आले आणि त्यात छापील कागदाचा हात किती होता, ही हकीगत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचा आरंभ आम्ही तेथूनच करीत आहोत. वृत्तपत्र, जाहिरात आणि ग्राहक यांच्या परस्परसंबंधाचा जो प्रश्न आज घरोघरी उभा आहे, त्याचे एक जुने मूळ तेथे सापडते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हिंदुस्थानी छिटांची मोठी हौस पसरली. सरदारघराण्यांपासून मोलकरणींपर्यंत सर्वांना ती हवीशी झाली, आणि तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. १७०० साली पार्लमेंटने कायदा करून हिंदुस्थान, इराण व चीन येथील रेशमी वस्त्रे आणि छापील वा रंगीत सुती कापड वापरण्यास मनाई केली. तेव्हा पांढरे कापड आणून ते लंडनमध्येच छापण्याचा धंदा वाढला. १७१९ च्या उन्हाळ्यात चिडलेल्या विणकरांनी लंडनच्या रस्त्यांवर छिटाचे कपडे ल्यालेल्या स्त्रियांवर हल्ले केले, त्यांची वस्त्रे फाडली. त्याच वर्षी ‘द मॅन्युफॅक्चरर’ नावाचे एक पत्र विणकरांचा कैवार घेऊन निघू लागले. विणकरांच्या संघाचे त्याला पाठबळ होते, आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डॅनिएल डीफो याची लेखणी त्यामागे होती असे अभ्यासक मानतात. १७२१ साली छापील सुती कापड अंगावर घालण्यावरच इंग्लंडमध्ये बंदी आली.

ग्राहकाने काय ल्यावे हे सांगण्यासाठी छापील पत्र वापरले जाते, आणि त्या पत्रामागे कोणाचा तरी पैसा असतो, ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीही नवी नव्हती. ‘मॅन्युफॅक्चरर’विषयी एक मात्र म्हणता येईल की त्याचा पक्ष लपलेला नव्हता. आपण विणकरांची बाजू मांडतो आहोत हे ते उघड सांगत होते. पक्ष घेणे आणि पक्ष लपविणे यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

आता आपण १९०५ या सालाकडे येऊ. या एका वर्षात जगाच्या तीन टोकांना वृत्तपत्र आणि बाजार यांची गाठ पडली, आणि तिन्ही ठिकाणी वृत्तपत्रांची परीक्षा झाली.

पहिले ठिकाण शांघाय. चिनी मजुरांना आपल्या देशात येऊ न देण्याचे अमेरिकेचे कायदे १८८२ पासून चालत आले होते, आणि तेथे गेलेल्या इतर चिनी लोकांनाही त्यांचा जाच होई. याचा निषेध म्हणून जुलै १९०५ मध्ये शांघायच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला. त्या चळवळीत तेथील काही चिनी वृत्तपत्रांनी अमेरिकन मालाच्या जाहिराती छापणार नाही असे जाहीर केले. बहिष्काराचा उपदेश दुसऱ्याला करून स्वतः त्याच मालाच्या जाहिरातीचे पैसे घ्यावयाचे, ही विसंगती त्यांनी पत्करली नाही. जाहिरातीचे उत्पन्न सोडण्याची किंमत त्यांनी आपल्या पदरची मोजली.

दुसरे ठिकाण न्यूयॉर्क. अमेरिकेत त्या काळी हरेक रोगावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या गुप्त औषधांचा सुळसुळाट होता. त्यांतील काहींमध्ये दारूचा अंश मोठा असे, काहींत अफू असे. वृत्तपत्रांची पाने या औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. ऑक्टोबर १९०५ पासून ‘कॉलिअर्स’ या साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स याची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली आणि या व्यापाराचे बिंग फुटले. त्याच साप्ताहिकाने आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. औषधवाल्यांनी वृत्तपत्रांशी केलेल्या करारांत असे एक कलम असे की त्या राज्यात आपल्या औषधांविरुद्ध कायदा झाल्यास जाहिरातीचा करार रद्द समजावा. याचा अर्थ, वृत्तपत्राने ‘या औषधाची प्रशंसा करा’ असे मागणेही आले नाही. त्याने गप्प राहावे एवढीच अपेक्षा होती, आणि अनेक वृत्तपत्रे गप्प राहिली. पुढच्याच वर्षी, १९०६ साली, अन्न व औषधे यांविषयीचा कायदा अमेरिकेत संमत झाला. आमच्या मते या प्रकरणाचा खरा धडा त्या मौनात आहे. जाहिरातदाराच्या पैशाचा परिणाम छापलेल्या मजकुरात शोधू जावे तर तो पुष्कळदा सापडत नाही. न छापलेल्या मजकुरात तो असतो.

तिसरे ठिकाण आपले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये परदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव झाला, आणि ‘केसरी’ने ती चळवळ महाराष्ट्रात घरोघर पोहोचविली. आपल्या प्रांतापुरते बोलावयाचे तर ते काम ज्यांनी केले त्यांचे नाव माधवराव सप्रे. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेले सप्रे हे आपल्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या या बाजूला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. १९०६ साली ‘स्वदेशी आंदोलन आणि बायकॉट’ या विषयावर त्यांनी हिंदीत पुस्तक लिहिले. ‘केसरी’तील लोकमान्यांच्या लेखांचा त्याला आधार होता. इंग्रज सरकारने ते पुस्तक पुढे जप्त केले. १९०७ साली त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढले, आणि १९०८ साली त्यापायी त्यांना अटक झाली. घरात कोणती साखर यावी, कोणते कापड यावे, हा प्रश्न त्यांनी देशाच्या प्रश्नाशी जोडून सामान्य गृहस्थापुढे ठेवला.

परंतु सप्र्यांच्या चरित्रातील याआधीचे एक पान आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. तिन्ही नावे मराठी आहेत हे वेगळे सांगावयास नको. उत्तम समीक्षा, इतिहास, शास्त्रीय विषय, कथा असे साहित्य देणारे ते मासिक जेमतेम तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले. सरकारने ते बंद केले नाही. ते तोट्याने बंद पडले. वाचणारे होते, प्रशंसा करणारे होते, वर्गणी देणारे पुरेसे नव्हते. हा प्रसंग आपल्यासारख्या साहित्यसंस्थांच्या सभासदांना अपरिचित वाटू नये.

वर्गणीने मासिक जगत नसेल तर कशाने जगावे? मराठीत याचे एक वेगळे उत्तर किर्लोस्करवाडीने दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला शेतकरी प्रथम बिचकत, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. मालाविषयी लोकांना समजावून सांगितल्याखेरीज तो खपणार नाही हे त्या कारखान्याने आरंभीच ओळखले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले ते कारखान्याची बातमी देण्यासाठी. जाहिरातीच्या पोटी जन्मलेले हे पत्र वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली त्याला ‘स्त्री’ची आणि १९३४ साली ‘मनोहर’ची जोड मिळाली. जातिभेद, अंधश्रद्धा, स्त्रियांचे हक्क यांवर या मासिकांनी जे लेखन केले, त्याने महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचे विचार बदलले. येथे भांडवल कारखानदाराचे होते, परंतु मासिकाच्या नावातच कारखान्याचे नाव होते. वाचकाला अंधारात ठेवलेले नव्हते.

याच्या दुसऱ्या टोकाला गांधीजी. दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी जाहिराती घेणे थांबविले आणि पत्राचा भार वाचकांवर ठेवला. पत्र हवे असेल तर ते वाचकांनीच चालवावे, अशी त्यांची भूमिका होती. किर्लोस्कर आणि गांधीजी या दोन वाटा परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोन्ही प्रामाणिक आहेत. एकात पैसा कोणाचा हे नावावरून कळते, दुसऱ्यात तो वाचकाचाच असतो.

प्रामाणिकपणा कोठे सुटतो, हे अलीकडच्या काळात आपण पाहिले. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती करणारा मजकूर बातमी म्हणून छापला गेला. निरनिराळ्या वृत्तपत्रांत तोच मजकूर शब्दशः सारखा आढळला, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने या ‘पेड न्यूज’चा सविस्तर अहवाल तयार केला. परंतु कौन्सिलने २०१० साली त्याचे संक्षिप्त रूपच स्वीकारले. पूर्ण अहवाल लोकांपुढे येण्यास केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला, आणि २०११ साल उजाडले. १९०५ च्या मौनाचेच हे नवे रूप नव्हे काय?

चीनमध्येही हेच दिसते, आणि तेथे तर मुलांच्या जिवाशी गाठ होती. २००८ साली सानलू या नामांकित कंपनीच्या बालदुधाच्या भुकटीत मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघड झाले. मुले आजारी पडत असल्याच्या बातम्या आधी येत होत्या, पण त्यांत कंपनीचे नाव नसे, ‘एक कंपनी’ एवढाच उल्लेख असे. शांघायच्या एका दैनिकातील पत्रकाराने ११ सप्टेंबर २००८ रोजी नाव छापले, आणि मग सारे प्रकरण बाहेर आले. सहा बालके दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. पुढे २०१६ साली तेथील एका तरुण विद्यार्थ्याने दुर्धर रोगावर उपचार शोधताना इंटरनेटवर प्रथम दिसलेल्या रुग्णालयावर विश्वास ठेवला. ते नाव पैसे भरून वर आणलेले होते. त्या मुलाच्या मृत्यूने देश हळहळला, आणि त्याच वर्षी असे पैसे देऊन वर आणलेले निकाल ‘जाहिरात’ म्हणून दाखविणे तेथे बंधनकारक झाले.

आपल्या देशातही कायदे आहेत. जादूच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ साली निर्बंध आले, १९८५ साली जाहिरातदारांनी स्वतःची मानक परिषद स्थापन केली, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड ठरविला. हे सारे आवश्यक आहे. पण कायदा छापलेल्या शब्दाला पकडतो, न छापलेला शब्द त्याच्या हाती लागत नाही. ते मौन मोडण्याचे बळ वृत्तपत्राच्या अंगी यावयाचे तर ते वाचकाकडूनच यावे लागेल.

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांकडे आले, आणि तेव्हापासूनच्या पिढ्यांनी येथे मराठी वाचन जिवंत ठेवले याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पुण्या-मुंबईची पत्रे टपालाने मागवून वाचणे हा त्या निष्ठेचा भाग होता, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत. आज बातमी फुकट मिळते, मोबाईलवर आपोआप येते. परंतु जे फुकट येते त्याचे पैसे कोणीतरी दिलेलेच असतात, आणि ज्याने ते दिले त्याच्या सोयीने पान सजते. त्या व्यवहारात विकले जाते ते वाचकाचे लक्ष.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. वाचताना मजकुरामागचा पैसा कोणाचा हे विचारावे. घरातील मुलांना बातमी आणि जाहिरात यांतील फरक शुद्धलेखनाइतक्याच आस्थेने शिकवावा. आणि जे पत्र, जे नियतकालिक आपल्याला प्रामाणिक वाटते, मग ते मोठे असो वा आपल्या गावातले चार पानांचे असो, त्याची वर्गणी वेळेवर द्यावी. ‘छत्तीसगढ मित्र’ला लेखक मिळाले, संपादक मिळाले, गुणही मिळाले. त्याला आणखी काही शे वर्गणीदार वेळेवर मिळते, तर आपल्या या प्रांताच्या वाङ्मयाचा इतिहास कदाचित थोडा निराळा लिहिला गेला असता.