राणीची अश्वपरीक्षा

झाशीहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर, ओरछ्याचे राजे उदितसिंह यांनी बांधविलेल्या विस्तीर्ण तलावाच्या काठी बरुआसागर वसले आहे. येथे दरोडेखोरांचा उपद्रव वाढला, तेव्हा राणी लक्ष्मीबाई स्वतः स्वारांसह येऊन राहिल्या व त्यांनी बंदोबस्त केला, असे गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'वरून कळते.

अशा मोहिमेत स्वाराच्या धैर्याइतकाच घोड्याचा दम मोलाचा असतो. अश्वपरीक्षेत राणींचा मोठा लौकिक होता. दोन सारखेच देखणे घोडे विकावयास आले असता, स्वतः फिरवून पाहून त्यांनी एकाचे मोल १००० रुपये ठरविले, दुसऱ्याचे अवघे ५०. कारण त्याची छाती फुटलेली होती, अशी हकीकत सांगतात. बाहेरच्या रूपाआडची इजा त्यांनी चालीवरून ओळखली.

एप्रिल १८५८ मध्ये झाशी सोडून त्यांनी काल्पीपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरांची दौड केली, ती अशाच पारखलेल्या जनावरांच्या बळावर. आज लांब पल्ल्याच्या अश्वस्पर्धांत पशुवैद्य टप्प्याटप्प्यावर हृदयाचे ठोके मोजतात आणि ते वेळेत उतरले नाहीत तर घोड्याला बाद करतात. त्या काळी दौडीत टप्प्याटप्प्यावर अशी तपासणी नसे. ते काम स्वारालाच करावे लागे.